विनायकचा ब्रेक आणि माझं वजन

आमच्या खडकीच्या बिल्डिंगमधला विनायक माणसाला नावाआधी वजन विचारतो. जिन्यात नवी भाडेकरीण भेटली, तिलाही विचारलं. तिच्या नवऱ्यानं त्याला धुतलाच असता, मी मध्ये पडलो.

वय पंचेचाळीसच्या घरात, एकटा जीव. नाद एकच, लाँगबोर्डचा: लांब फळी, खाली चार चाकं. पोरं तिच्यावर उभं राहून उतारावरून सुटतात आणि थांबायला पाय घासतात. विनायकला ते पटत नाही. त्यानं चाकाला रबर लावलं, तिथून सायकलची वायर, वर हातात ब्रेक. "पळवायला उतार पुरतो, काका. थांबायचं बोला."

बिल्डिंगमध्ये सगळ्यात जड मी, म्हणून ब्रेक बघायला मलाच धरायचा. पार्किंगच्या उतारावर फळीवर उभा करायचा आणि बाजूनं पळायचा. आमची ही गॅलरीतून म्हणायची, "अहो, हाडं गोळा करायला मी येणार नाही." आणि हसायची. एकदा ब्रेक असा लागला की फळी थांबली, मी नाही. विनायक म्हणाला, "चांगलाय. जरा जास्तच चांगलाय."

मग ही गेली. तेराव्याला घरात पाहुणे, आणि हा वजनकाटा काखेत मारून दारात. "काका, जरा यावर उभे राहा." माझं डोकं फिरलं. चारचौघांत बोललो, "तुझ्या घरात कोणी आहे का मरायला? तुला काय कळणार? चालता हो."

काटा घेऊन तो गेला.

नंतर जिन्यात त्याची चाहूल लागली की मी दार लोटून घ्यायचो. कसं तोंड दाखवायचं?

परवा दुपारी तोच आला, हातात डबा. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पँट सुतळीनं बांधलीय तुम्ही. तेराव्यालाच ढिली झाली होती, काटा त्यासाठीच आणला होता. ब्रेक तुमच्या जुन्या वजनाला लावलाय, आता पुन्हा कोण लावत बसणार? जेवा."

हिच्यामागे मला चहाशिवाय काही करता येत नाही, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मान वर करवेना. "त्या दिवशी मी तुला..."

"आमटी गार होतेय."

डब्यात दोघांचं होतं. म्हणाला, खानावळवाला एकाचा डबा देतच नाही. मी दोन ताटं काढली. सपशेल खोटं बोलत होता. त्याच्या दाराच्या कडीला रोज एकाचाच डबा लटकलेला असतो. इतकी वर्षं जिना चढताना बघतोय मी.