जटाशंकर अस्वलाची दोन मुक्त कबुतरं

एका जंगलात पूर्वी नुसती झाडं होती. मग त्यात नाकी आली. कुठूनही कुठेही जायचं तर वाटेत एक नाकं लागायचंच. मुलांनो, नाकं म्हणजे काय ते तुमच्या वडिलांना विचारा. त्यांचा चेहरा पडला तर पुन्हा विचारू नका.

या जंगलात एक अस्वल राहत होतं. त्याचं नाव जादूगार जटाशंकर. त्याच्या आजोबांना माणसं नाकात वेसण घालून नाचवत असत. म्हणून जटाशंकरने लहानपणीच ठरवलं होतं, की आपण कुणाला नाचवायचं नाही. फार तर गायब करायचं.

त्याच्याकडे दोन पांढरी कबुतरं होती. थोरली शेवंती आणि धाकटी जुई. दोघी त्याच्या पाटीतच अंड्यातून बाहेर आल्या होत्या. ती पाटी डोक्यावर घेऊन तो एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जायचा आणि खेळ करायचा. मंत्र म्हणायचा, हात झटकायचा, की दोघी गायब! पुन्हा हात झटकायचा, की दोघी हजर!

कुठे जायच्या त्या? सांगतो, पण कुणाला सांगू नका. त्याच्या काखेत. शेवंती उजव्या, जुई डाव्या. अस्वलाच्या अंगावर केस इतके, की आणखी दोन कबुतरं मावली असती.

शेवंती शांत होती. काखेत गेली की डुलकी काढायची. जुईला मात्र आत जाणं मुळीच आवडायचं नाही. तिला आवडायचं बाहेर येणं. बाहेर आलं की पिल्लं ओरडायची, टाळ्या पडायच्या, आणि जुई पंख पसरून अस्वलाच्या डोक्याभोवती दोन गिरक्या घ्यायची. तिसरी गिरकी तिने कधी घेतली नव्हती. दमायची ती.

एकदा जटाशंकर सिंहमहाराजांच्या हद्दीत शिरत होता. नाक्यावर दगडू नावाचं तरस हवालदार होतं. त्याने काठी आडवी घातली.

"पाटीत काय हाय?"

"कबुतरं, साहेब."

"खायाची का दावायची?"

"दाखवायची."

"खायाची असती तर जा म्हटलं असतं. दावायची म्हंजे परवाना लागतोय."

परवाना द्यायला आत साळिंदर कारकून बसला होता. लेखण्यांची त्याला काहीच कमतरता नव्हती. पाठीवरची एक उपटून त्याने विचारायला सुरुवात केली.

"नग?"

"दोन."

"आणण्याचं कारण?"

"गायब करणे."

"गायब झाल्यावर माल कुठे असतो?"

जटाशंकर गडबडला. "ते सांगता येत नाही हो. धंद्याचं गुपित आहे."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही," कारकून म्हणाला.

शेवटी जटाशंकरने त्याच्या कानात सांगितलं. कारकुनाने ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. 'उजव्या काखेत एक, डाव्या काखेत एक.' तीन प्रती केल्या. दोन कपाटात ठेवल्या आणि तिसरी नियमाप्रमाणे जटाशंकरच्या गळ्यात अडकवली.

बिचारा जटाशंकर! पहिल्या बाजारात खेळ करताना तो सारखा कागद पंजाने झाकायला बघत होता. सगळं गुपित छातीवर लोंबत होतं. पण प्रेक्षकांनी कागद पाहिला, कागदावरचा शिक्का पाहिला आणि मान डोलावली. मजकूर कुणी वाचला नाही. चार बाजार झाल्यावर त्याची भीती गेली.

आता गोष्ट पुढे सरकते. मागच्या रांगेतल्याने शेजाऱ्याला चिमटे काढणं थांबवावं.

सिंहमहाराजांचं आणि शेजारच्या वाघाचं एका पाणवठ्यावरून भांडण होतं. पुष्कळ हरणं खाऊन झाल्यावर दोघांनी तह केला. आता तह म्हटला की समारंभ आला आणि समारंभ म्हटला की पांढरी कबुतरं आकाशात सोडणं आलं. कोल्हा प्रधान कबुतरं शोधू लागला. जंगलात होती तेवढी करडी होती. मग कुणीतरी जटाशंकरचं नाव सांगितलं.

जटाशंकर महाराजांच्या पायांवर पडला.

"महाराज, यांना आकाश येत नाही. दोन गिरक्यांत दमतात. अंगाने पांढऱ्या, लांबून दिसतात. घारीने एक झेप घेतली तर संपलं."

"पंख आहेत ना?" महाराज म्हणाले.

"स्वातंत्र्य मिळालं की शिकतील," प्रधान म्हणाला.

"आणि नाही शिकल्या तर?"

"ते समारंभानंतरचं झालं," प्रधान म्हणाला. "तुझा कार्यक्रम सोडण्यापर्यंतच आहे. नाही सोडलीस, तर तू अटकेत आणि कबुतरं मुदपाकखान्यात."

त्या दिवशी जटाशंकर जेवला नाही. दोघींना समोर बसवून त्याने सगळं सांगितलं.

"काका, आकाश म्हणजे गिरक्यांच्या वरचं का?" जुईने विचारलं.

"त्याच्याही वरचं."

"तिथे टाळ्या ऐकू येतात का?"

जटाशंकरला रडू आलं. आपलं अंडं जपावं तसं त्याने दोघींना जपलं होतं. मग त्याने डोळे पुसले आणि तो सावरीच्या झाडाखाली जाऊन मूठ-मूठ कापूस गोळा करू लागला.

समारंभाला पाचशे प्राणी जमले. घारींनाही निमंत्रण होतं. त्या जरा लवकरच येऊन वर घिरट्या घालत होत्या. सिंहाने शांततेवर भाषण केलं, वाघाने शांततेवर त्याहून लांब भाषण केलं. बंदोबस्ताला दगडू हवालदार होता. भर दुपारचं ऊन डोळ्यांवर येत होतं.

जटाशंकर मंचावर चढला. दोन्ही पंजांत दोघींना धरून त्याने सगळ्यांना दाखवलं. मग मोठ्याने मंत्र म्हणाला आणि हात आकाशात झटकले.

सावरीचा कापूस भुरभुर वर गेला. दोघी नेहमीच्या जागी गेल्या.

पाचशे माना वर झाल्या. कुणाला काही दिसेना. पण शेजाऱ्याला दिसत असणार, असं प्रत्येकाला वाटलं. सगळे एकमेकांकडे चोरून बघू लागले.

तेवढ्यात दगडू ओरडला, "त्या बघा! ढगाला भिडल्या!"

मग काय विचारता! सगळ्यांनाच दिसल्या. सशाला तर पंखांचा आवाजही आला. महाराजांचे डोळे पाणावले.

एक घार रागारागाने खाली आली. "वर काहीसुद्धा आलेलं नाही," ती म्हणाली.

"बाई, शुभप्रसंगी असं बोलू नये," प्रधान म्हणाला.

सर्वांत आधी पाहिल्याबद्दल दगडूला तिथल्या तिथे 'दूरदृष्टी पदक' देण्यात आलं. महाराजांनी स्वतःच्या पंजाने ते त्याच्या गळ्यात घातलं.

जटाशंकर गुपचूप निघाला आणि ऊन उतरायच्या आत नाक्यावर पोचला. बघतो तर दगडू त्याच्याही आधी कामावर हजर. पदक उन्हात चमकत होतं.

"थांब. आत येताना दोन. भाईर जाताना दोन पायजेत. कुठं हायती?"

"साहेब, तुम्हीच नाही का पाहिल्यात? ढगात!"

"ते समारंभात. हितं मी डुटीवर हाय. कागद दाव."

आणि मुलांनो, दगडूने तो कागद वाचला. तो वाचणारा पहिला प्राणी. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत त्याने वाचलं. "उ...ज...व्या का...खे...त."

दगडूने जटाशंकरचा उजवा हात वर केला आणि केसांत पंजा घातला. आत काहीतरी ऊबदार लागलं. ते घुमलं.

दगडूने पंजा चटकन मागे घेतला.

"साहेब, लेकरं आहेत माझी," जटाशंकर हात जोडून म्हणाला. "मला काय करायचं ते करा. त्यांना काही करू नका."

दगडू एकदा काखेकडे बघायचा, एकदा पदकाकडे. कबुतरं इथे असतील, तर आपण ढगात काय पाहिलं? आणि महाराज रडले ते कशाला बघून? बराच वेळ विचार करून त्याच्या कपाळाला घाम आला.

शेवटी तो म्हणाला, "अस्वला, तुला दोन्ही काखांत गाठी झाल्यात."

"गाठी?"

"गाठीच. म्या हात लावून बघितलं. आता नीट ऐक. ह्या गाठी कुनाला दावायच्या न्हाईत. हितं न्हाई, तितं न्हाई, जल्मात कवाच न्हाई. दावल्यास, तर तू बी गेलास, गाठी बी गेल्या आन् मी बी गेलो."

त्याने कागदावर 'आकाशात' असा शेरा मारला आणि काठी उचलली.

जटाशंकरने दोघींना वाचवलं. अगदी खरं. त्या आजही जिवंत आहेत, दोन वेळा दाणे खातात. आडरानात कुणी नसलं की तो त्यांना बाहेर काढतो, पंख मोकळे करू देतो आणि पानं वाजली की पुन्हा आत घालतो. खेळ त्याला बंद करावे लागले.

एक खेळ सोडून. तहाच्या त्या दिवसाला आता कबुतर-मुक्ती दिन म्हणतात. मंचाच्या जागी दोन दगडी कबुतरं बसवली आहेत, तिसऱ्या गिरकीला निघालेली. दरवर्षी जटाशंकरला मानाने बोलावतात. तो रिकामे पंजे दाखवतो आणि वर झटकतो. हजार प्राणी आकाशाकडे बघून टाळ्या वाजवतात. हवालदार दगडू, आता फौजदार, सर्वांत आधी बोट दाखवतो.

मागच्या वर्षी टाळ्या खूप वेळ थांबेनात. तेव्हा डाव्या काखेतून हळू आवाज आला.

"काका, या टाळ्या कुणासाठी आहेत?"

"तुमच्यासाठी, बाळ."

"मग येऊ का बाहेर?"

"नको, जुई."

"का?"

"तुम्हाला सोडून दिलंय ना," जटाशंकर म्हणाला आणि त्याने हात अंगाशी घट्ट धरला.

तात्पर्य: पिंजऱ्यात असलेल्याला एक ना एक दिवस सुटायची आशा असते. ज्याची समारंभपूर्वक सुटका झाली, त्याला तीही सोय उरत नाही. (परीक्षेत मात्र 'स्वातंत्र्य अनमोल आहे' असंच लिहा. तपासणारे कागदावरचा शिक्का बघतात.)