लोंढ्यात तीन वाजेपर्यंत

निवडणूक आली की आमचे आप्पा उमेदवार पळवून न्यायचे. दुसऱ्या पक्षाचा नव्हे, स्वतःच्याच पक्षाचा. अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला की पहाटेच ते निपाणीच्या उमेदवाराच्या दारात हजर. हातात डबा, खांद्याला थर्मास. निपाणीहून बसनं बेळगाव, तिथून रेल्वेनं लोंढा. दुपारी तीनला मुदत संपायची, तोवर उमेदवार लोंढा स्टेशनच्या बाकावर बसलेला. तिथून अर्ज मागं घ्यायला चिकोडीची कचेरी वेळेत गाठायची तर पंखच हवेत.

निपाणीत तंबाखूच्या वखारीवर आप्पांची खोली होती आणि तेच पक्षाचं राज्य कार्यालय. पक्षाचं नाव एवढं लांब की रंगाऱ्याला पाटीवर दुसरी ओळ काढावी लागली होती. अध्यक्ष बेंगळुरात असत, अधूनमधून तार करत. बाकी अख्खा कर्नाटक राज्य सरचिटणीस म्हणून आप्पांच्या अंगावर. भिंतीवर राज्याचा नकाशा होता. जिथला उमेदवार मिळेल त्या जागी आप्पा कुंकवाचं बोट टेकवत. करंडा आक्कांचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा. त्या गेल्यावर तो नकाशाखालच्या फळीवर आला आणि तिथंच राहिला.

उमेदवार शोधायला आप्पा लग्नांना जात, आमंत्रण असो वा नसो. जिलेबीचा आग्रह करता करता शेजारच्याला त्याचा मतदारसंघ विचारत. समोरचा कानडी असेल तर कानडीत, मराठी असेल तर मराठीत. तो पडण्याची भीती बोलून दाखवायचा, आणि आप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पडायला कुनीबी पडतंय. आदी हुबं ऱ्हाया पायजे."

संकेश्वरचा एक बँडवाला असाच त्यांच्या गळाला लागला. प्रचाराच्या धामधुमीत तो विरोधकाच्या मिरवणुकीत पुढं होऊन क्लॅरिनेट वाजवताना दिसला. लोक हसून बेजार झाले. आप्पांना मात्र भरून आलं. विरोधकाची सुपारी त्यानं आधी घेतली होती, आणि शब्द मोडला नाही, असाच माणूस विधानसभेत पाहिजे म्हणाले. त्याचं डिपॉझिट गेलं, ते वेगळं.

माझा त्याच गल्लीत फोटो स्टुडिओ होता. आणीबाणी उठल्यानंतरच्या निवडणुकीत आप्पा निपाणीच्या उमेदवाराचा फोटो काढून घ्यायला आले आणि उमेदवार आलाच नाही. आप्पा बराच वेळ भिंतीवरच्या माझ्याच फोटोकडं बघत बसले. मग म्हणाले, "फोटो तर तयारच हाय की." असा मी उमेदवार झालो.

घरी समजल्यावर आकाश कोसळलं. सासरे येऊन बसले. माझी बरीच गिऱ्हाइकं मोठ्या पक्षाची माणसं होती, त्यांनी गोड बोलून समजावलं. मी अर्ज मागं घ्यायचं ठरवलं. पण मुदतीच्या शेवटच्या दिवशी पहाटे दार उघडलं तर आप्पा उभे. त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बेळगावात निसटू असं ठरवून मी बसमध्ये चढलो, आणि बेळगावात रेल्वेतही चढलो. का, ते आजही सांगता येत नाही.

लोंढ्याला धुकं होतं. झाडी रुळांपर्यंत आलेली. कुठली गाडी हुबळीची, कुठली गोव्याची, काही कळत नव्हतं. धुक्यातून डबे यायचे, इंजिन पाणी भरून घ्यायचं, आणि सगळं पुन्हा धुक्यात जायचं. आप्पांनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दही काढलं. पक्षाबद्दल अवाक्षर नाही. आक्कांबद्दल बोलत होते. नव्या लग्नात दोघं गोव्याला निघाले होते, इथं गाडी बदलायची होती. दोघं गाड्या बघत बसले आणि त्यांची गाडी निघून गेली. मग तसेच हसत हसत घरी परतले. ऐकता ऐकता मला डुलकी लागली. सासरे, गिऱ्हाइकं, कचेरी सगळं फार लांब कुठं तरी राहिलं.

जाग आली तेव्हा आप्पा स्टेशनच्या घड्याळाकडं बघत होते.

"तीन वाजलं," ते म्हणाले. "सुटलासा तुमी. आता जायाचं तर जावा."

मी विचारलं, उमेदवाराला अडकवायचंच तर जवळ कुठं तरी ठेवा, एवढ्या लांब कशाला? त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"निकाल लागला की कुनी वळख देत न्हाय. रस्ता बदलून जात्यात. ह्यो येक दिस तेवढा माज्याजवळ कुनीतरी बसतंय."

मी पडलो, तेही जोरात. पण गल्ली एकच असल्यानं रस्ता बदलायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

पुढं काही वर्षांनी बेंगळुरातून तार आली. पक्ष मोठ्या पक्षात विलीन झाला होता. राज्य सरचिटणिसांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. आप्पांनी पाटी स्वतःच उतरवली. त्यानंतर ते खाली दिसेनासे झाले. एकदा वर गेलो तर नकाशासमोर बसलेले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांचं दार वाजवलं. हातात डबा, खांद्याला थर्मास.

"आप्पा, लोंढ्याला चला."

"निवडणूक न्हाय, काय न्हाय," ते म्हणाले. पण चपला पायात घातल्या.

त्या दिवशी धुकं नव्हतं, ऊन होतं. आम्ही त्याच बाकावर बसलो. आक्कांची चुकलेली गाडी मी पुन्हा ऐकली. या वेळी त्यात आक्कांच्या हिरव्या लुगड्याचीही भर पडली. तीन वाजले. आप्पांनी सवयीनं घड्याळाकडं बघितलं.

"तीन वाजलं. जावा तुमी आता."

"मला अर्ज मागं घ्यायचा नाही, आप्पा," मी म्हणालो, आणि थर्मासचं झाकण भरून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी चहा घेतला. गोव्याकडची गाडी यायची होती, ती बघून निघायचं ठरलं.