ठकीच्या घरट्याला शून्य मार्क

एका जंगलात, बाळांनो, घरटी बांधायला शिकवणारे एक कॉलेज होते. अभ्यासक्रम पाच वर्षांचा. चिमणी जगते जेमतेम तीन वर्षे. पण हे विद्यापीठाला कोण सांगणार?

तिथे वेणूबाई नावाची शिंपीण शिकवायची. शिंपीण म्हणजे चोचीने पाने शिवून घर करणारा इवलासा पक्षी. तिची तऱ्हा साधी. पहिल्या दिवशी ती मुलांना फांदीवर न्यायची आणि विचारायची, "वारा कुठून येतो?" ते सांगता येईपर्यंत काडी उचलू द्यायची नाही. घरटे झाले की म्हणायची, "आता दुपारभर तूच आत बस." ज्याचे पडे, तो मुकाट्याने पुन्हा बांधायचा. बाईंना ओरडावे लागत नसे.

एके वर्षी प्राचार्य धनेशांनी आफ्रिकेहून आलेल्या चातकसरांना नेमले. डोक्यावर ऐटबाज तुरा, अंगात काळा-पांढरा पोशाख.

"घरटे म्हणजे काय?" सरांनी वर्गात विचारले.

"काड्या, सर," ठकी म्हणाली. ठकी ही सातभाई पक्ष्यांची मुलगी, जरा बडबडी.

सर फार व्यथित झाले. "घरटे म्हणजे आकाशाला विचारलेला प्रश्न!"

मुलांनी लिहून घेतले.

त्या दिवसापासून एक ठकी सोडली तर कुणी काडी आणीना. पिंपळाच्या पानांवर बाकी सगळे संकल्पना रेखाटू लागले. वर्षअखेरीस ज्युरी बसली, म्हणजे सर मधोमध बसले आणि मुले थरथरत उभी राहिली. एका बुलबुलाने नुसती रिकामी फांदी दाखवली.

"घर नसणे हेच घर," तो म्हणाला.

सरांचे डोळे पाणावले. पहिला नंबर!

ठकीचे घरटे बाभळीवर होते. खोल वाटीसारखे, आत मऊ मुळ्यांचे अस्तर. सरांनी त्याला दोन फेऱ्या मारल्या.

"यात संकल्पना कुठे आहे?"

"सर, यात अंडी राहतात."

"शून्य," सर म्हणाले.

प्राचार्यांनी वेणूबाईंना बोलावून घेतले. "बाई, तुम्ही मुलांना नुसतं बांधायला शिकवता. कॉलेजचं नाव खराब होतं. पुढच्या वर्षी तुमचा विषय बंद."

 बाई परत येतात तो ठकी रडत रडत घरट्याची एकेक काडी उपसत होती.

"थांब गं," बाई म्हणाल्या. "मार्क गेले ते गेले. घर कशाला घालवतेस? तुला अंडी घालायचीत ना?"

ठकीने नाक पुसले आणि काड्या परत खोचल्या.

चार दिवसांनी ठकीने अंडी घातली. ती किडे टिपायला गेली असताना बाईंना घरट्यातून कुणीतरी लगबगीने निघताना दिसले. पाहतात तर चातकसरांच्या सौभाग्यवती!

"वहिनी, इकडे कुठे?"

"अंडं घातलं हो एक. आमच्यात असंच असतं, दुसऱ्यांकडेच घालायचं. ह्यांनी अख्ख्या वर्गाचं काम पाहिलं. हेच पक्कं, म्हणाले."

बाई तडक सरांकडे गेल्या. "सर, शून्य मार्कांच्या घरट्यात तुमचं अंडं?"

सर अजिबात गडबडले नाहीत. "बाई, मार्क संकल्पनेला द्यायचे असतात. अंड्याचं तसं नाही. अंडं आपलं स्वतःचं असतं."

ही बातमी ठकीच्या कानावर गेली, म्हणजे दुपारपर्यंत जंगलभर झाली. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग काड्या घेऊन वेणूबाईंच्या फांदीवर हजर. पहिल्या नंबरचा बुलबुल सर्वांत पुढे.

"बाई, गाठ कशी मारतात हो?" त्याने हळूच विचारले.

बाई इतक्या हसल्या की चोचीतला धागा सुटला.

फांदी वाकेल एवढी गर्दी पाहून प्राचार्यांनी विषय बंद करण्याचा हुकूम मागे घेतला. मुलांना बांधकामाची गोडी लावल्याबद्दल आदर्श शिक्षकाचा पुरस्कारही जाहीर केला. तो अर्थातच चातकसरांना मिळाला. सत्काराच्या दिवशी ठकी मात्र येऊ शकली नाही. ती चार निळी अंडी उबवत बसली होती. त्यांतली तीन तिची होती.

तात्पर्य : बाळांनो, चांगले बांधायला कधीही शिकू नका. एकदा का ते जमले, की मार्क शून्य मिळतात आणि वर परीक्षकाची पोरे सांभाळावी लागतात.