सासऱ्यांच्या टोपीतली चिठ्ठी

शापित वस्तू बनवावी तर या मेलिसनेच! असं मी नारीन शहरातल्या आमच्या शाळेत, शिक्षकांच्या खोलीत छातीठोकपणे सांगितलं होतं. मी शिकवतो भूगोल आणि लिहितो काळीकुट्ट अद्भुत कादंबरी. तिच्यात राक्षस होते, रक्त होतं, फक्त माणसाला आतून पोखरणारी वस्तू नव्हती.

ती मला खुंटीवर सापडली. सासऱ्यांचा कल्पाक! ओमोर-अता जाऊन महिनाही झाला नव्हता; त्यांची ती उंच लोकरी टोपी कुणी हलवली नव्हती. मी डाव्या हाताने, थरथरत्या अक्षरात चिठ्ठी लिहिली: ‘ही टोपी घालेल त्याला माझं जन्मभर गिळलेलं दुःख सोसावं लागेल.’ कशी दिसते बघावं म्हणून टोपीत खोचली. तेवढ्यात शाळेची वेळ झाली, नि मी तसाच पळालो.

परत येतो तो दाराशी बुटांचा ढीग! आत रडारड!

“मेलिस, अतांची चिठ्ठी सापडली!” माझी बायको बुरुलाय हुंदके देत होती.

सासूबाई, म्हणजे लेकरांसकट आम्हा सगळ्यांच्या सायराआपा, दगडासारख्या बसल्या होत्या. अता गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

“गिळलेलं दुःख,” त्या पुटपुटल्या. “कुठलं? माझं?”

“आपा, अहो, ती चिठ्ठी...”

“तू गप्प बस रे! आम्ही बोलतोय ना!” थोरला मेव्हणा झोल्दोश गरजला. त्याने टोपी डोक्यावर चढवली, आणि तो रेड्यासारखा माणूस खिडक्या थरथरतील असा रडू लागला! “आपा, मी खोटं बोललो! त्या दिवशी घाट बर्फाने बंद नव्हता. मी घोडेस्वारांचा कोक-बोरूचा सामना बघत बसलो, आणि इकडे अता गेले!”

“ठाऊक आहे,” आपा म्हणाल्या. “टीव्हीवर दिसलास. पहिल्या रांगेत. त्यांनीही पाहिलं.”

आपांनी टोपी मांडीवर घेतली. “मी काय वाईट केलं हो तुमचं?”

ते मला ऐकवेना. “आपा, मी लिहिली ती! कादंबरीसाठी!”

“म्हणजे मी फुकटच कबुली दिली?” झोल्दोशने मला गचांडी धरून उचललं.

“आधी तू मार, मग मी!” बुरुलाय ओरडली.

“सोडा त्याला,” आपा म्हणाल्या. चिठ्ठीची घडी करून त्यांनी खिशात टाकली. “बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला दोन ओळी लिहिल्या नाहीत. ही असू दे.”

चार दिवसांनी त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला.

“पुढचं लिही.”

“कुणाचं?”

“त्यांचं.”

घाम पुसत मी लिहिलं: ‘सायरा, तुझ्या हातचा मटणाचा शोर्पो फार छान असायचा.’

आपांनी वाचून कागद परत सरकवला. “हे तुझं झालं. ते म्हणायचे, मीठ जास्त झालंय.”

मी खोडलं आणि लिहिलं: ‘मीठ जास्त झालंय.’

आपा त्या तीन शब्दांवर संध्याकाळपर्यंत रडल्या.

माझ्या लेखणीतून उतरलेलं सर्वात परिणामकारक वाक्य तेच. आणि तेही सासऱ्यांचं!