पाटीतून आलेला हिवाळा

“येत्या पौषात आपल्या अंगणात पिवळीधमक फुलं! झाडावर पान एक नसेल, नुसती फुलं! नाही फुललं, तर मला तुळशीराम गुरुजी म्हणू नका!”

ऐन दिवाळीत गुरुजींनी ओट्यावर उभं राहून अशी घोषणा केली, आणि समोर बसलेल्या पोरांनी टाळ्यांनी नवीन पनवेलचा सेक्टर दणाणून सोडला. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले होते, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नव्हती. रोज संध्याकाळी आजूबाजूची सगळी पोरं त्यांच्या ओट्यावर जमायची. पाढे, गोष्टी, ढगांची नावं, मुंग्यांची वारुळं, असं जे निघेल ते शिकवायचं. ती पोरं आली की गुरुजींचा चेहरा दिवा लागल्यासारखा व्हायचा. एखाद्या दिवशी नाही आली, तर बायको कुमुद म्हणायची, “आज तुम्हाला भात जाणार नाही, अर्धाच वाढते.”

तर हे झाड. गुरुजींचा पुतण्या हरेश अमेरिकेत शिकायला होता. उन्हाळ्यात येताना त्याने काकांसाठी हातभर उंचीचं एक रोप आणलं. विमानातून कसं आणलं ते त्यालाच ठाऊक! नाव विच हेझेल. तिकडे म्हणे भर बर्फात फुलतं, आणि फुलं कशी, तर कुणी पिवळा पतंगी कागद कातरून फांदीला चिकटवावा तशी. “विच म्हणजे चेटकीण,” असं ओट्यावरच्या पोरांतल्या प्रणितने सांगितल्यावर कुमुदने कपाळाला हात लावला. “माझ्या अंगणात जास्वंद आहे, तगर आहे, त्यात आता चेटकीण!”

कार्तिकात रोपाची पानं गळाली. कुमुद म्हणाली, “मेलं.” गुरुजींनी नखाने साल किंचित खरवडून आतला हिरवा रंग पोरांना दाखवला. “मेलेलं नाही, झोपलंय! आता याला कडक थंडी मिळाली की हे जागं होणार!”

“पण गुरुजी, थंडी कुठेय?” भाविकाने विचारलं. ही पोर वर्गातली सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात खरं बोलणारी. खरं बोलायला तिला गुरुजींनीच शिकवलं होतं. ते पुढे कसं महागात पडलं ते येईलच.

प्रश्न मात्र बिनतोड होता. पनवेलचा हिवाळा म्हणजे काय? पंखा पाचावरून तिनावर आणायचा! स्वेटर कपाटातून निघतो तो फक्त उन्हाला दाखवायला. गुरुजींनी आधी फ्रीजमधले बर्फाचे तुकडे घातले. ते पाहुण्यांनी पेढे संपवावेत तसे मातीने गिळून टाकले. शिवाय सरबताला बर्फ नाही म्हणून कुमुदने फ्रीजच्या खणाला राखणच बसवली.

आणि मग एका सकाळी मागच्या गल्लीतून हाक आली. “म्हावरा घ्या, म्हावराऽऽ!”

कृष्णाबाई कोळीण डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. पाटीच्या कडेने पाणी ठिबकत होतं. थंडगार पाणी! गुरुजी फाटकाकडे धावले.

“बाई, थांबा! पाटीत बर्फ आहे?”

कृष्णाबाईने त्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे बघितलं. “गुरुजी, तुमी तं माळकरी मानूस. तुमाला पापलेट कशाला?”

“पापलेट नको! बर्फ हवाय. झाडाला.”

“झाडाला बरफ?” बाई पाटी खाली ठेवून पोट धरून हसली. “कसला झाड हाय ह्यो? साहेबाचा?” मग तिने ओंजळीने बर्फाचा चुरा काढून वर्तमानपत्रात बांधला. “घ्या. तसा बी इरघलनारच हाय. रोज देत जाईन. माज्या वेणूला पाढं तुमीच शिकवलं, मी इसरले नाय.”

गुरुजींना गहिवरून आलं. आता अडचण एकच होती, कुमुद! घरात कांदासुद्धा वार बघून चिरणारी बाई. मासळीतला बर्फ अंगणात आलेला तिला चालणं शक्य नव्हतं. म्हणून ती देवळात गेली की गुरुजी मागच्या फाटकाशी जायचे, डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे, पुडकं धोतराच्या सोग्याखाली घ्यायचे आणि झाडाशी नेऊन रिकामं करायचे. वर गोणपाट, गोणपाटावर जुनी छत्री. चोरसुद्धा इतक्या काळजीने चोरी करत नसेल.

दुपारी कुमुद नाक मुरडत म्हणायची, “कसला वास येतोय हो?”

“वारा तळोज्याकडून आहे,” गुरुजी म्हणायचे. “कारखान्यांनी ताळतंत्र सोडलंय अगदी.”

बिचाऱ्या कारखान्यांच्या माथी एवढं होतंच, त्यात हेही गेलं. पण मांजरांना कोण फसवणार? सेक्टरमधली झाडून सगळी मांजरं विच हेझेलभोवती जमून सर्वसाधारण सभा भरवू लागली. एका बोक्याने तर छत्रीखाली कायमचा मुक्काम ठोकला.

“मांजरांना कळतं गं,” गुरुजी कुमुदला म्हणाले. “परदेशी झाड पाहायला आलीत.”

आणि मार्गशीर्ष लागला.

हा महिना आमच्याकडे कसा असतो ते सांगायला नको. गुरुवारी घरोघरी घट मांडलेले, लक्ष्मीची पूजा, आणि कित्येक घरांत महिनाभर मासळीचं नाव नाही. कृष्णाबाईची पाटी भरलेली जायची आणि भरलेली यायची. “गिऱ्हाइक नाय, निस्ता बरफ हाय,” म्हणत ती पुडकी वाढवू लागली. एकाची दोन झाली.

नेमकं हेच भिंतीपलीकडून शोभाताईंनी पाहिलं. शोभाताई म्हणजे व्रतवैकल्यांचं चालतंबोलतं पंचांग. त्या पूजेला आपल्या वाफ्यातली शेवंती तोडायला आल्या होत्या. त्यांना काय दिसलं? मार्गशीर्षातला गुरुवार, गुरुजींच्या मागच्या दारात मासळीची पाटी, आणि माळकरी गुरुजी इकडेतिकडे बघत धोतरात पुडकं लपवतायत! त्यांच्या हातातली परडीच सुटली.

दुपारपर्यंत बातमी चार घरांत होती, संध्याकाळपर्यंत सगळ्या सेक्टरमध्ये. पहिल्या घरात पुडकं होतं. दुसऱ्या घरात त्याचे बोंबील झाले. शेवटच्या घरात पोचेपर्यंत गुरुजी परसात चूल मांडून सुरमई तळत होते!

त्या दिवशी ओट्यावर निम्मीच पोरं आली. दुसऱ्या दिवशी दोनच. तिसऱ्या दिवशी फक्त बोका.

“प्रणित का नाही आला?” गुरुजींनी फाटकावरून विचारलं.

“त्याला सर्दी झालीय,” प्रणितची आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

रूपालाही सर्दी. समोरच्या रमेशच्या दोन्ही पोरांना सर्दी. साथ आली की काय! गुरुजी घाबरले. त्यांनी गवती चहा, आलं, तुळस घालून पातेलंभर काढा उकळला आणि स्वतः घरोघर वाटत निघाले. प्रत्येक दारात आई संकोचून काढा घ्यायची, आणि आतून ठणठणीत पोरांच्या ओरडण्याचा आवाज यायचा. गुरुजी रिकामं पातेलं घेऊन परत आले. रिकाम्या ओट्याकडे बघत बसून राहिले. पौषात झाड फुललं काय, न फुललं काय, बघायला पोरंच नसतील तर? कुमुदने न विचारता अर्धाच भात वाढला. तोही उरला.

अखेर भाविका आली. आईचा डोळा चुकवून, धापा टाकत.

“तुला सर्दी नाही झाली?” गुरुजींनी विचारलं.

“कुणालाच नाही झाली! गुरुजी, तुम्ही मार्गशीर्षात लपून मासे खाता, म्हणून आई पाठवत नाही. सगळ्यांच्याच आया पाठवत नाहीत.”

स्वयंपाकघरात कुमुदच्या हातून झारा पडला. ती बाहेर आली. गुरुजींकडे बघितलं, बोक्याकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं.

“तळोज्याचा वारा ना?” ती म्हणाली.

मग गुरुजींनी सगळं सांगितलं. पुडकं, बर्फ, कृष्णाबाई, सगळं! कुमुदने पदर तोंडाला लावला. गुरुजींना वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता मटकन ओट्यावर बसली.

“अहो, मासे खाल्ले असते तर कुणाला पटलं तरी असतं! झाडाला बर्फ घालत होतो म्हणून सांगितलं, तर वेड लागलं म्हणतील!”

तेही खरंच होतं. म्हणून गुरुजी गप्प राहिले आणि फाटकाशी जाणंही त्यांनी बंद केलं.

शेवटचा गुरुवार उजाडला. शोभाताईंकडे उद्यापन होतं. सेक्टरमधल्या झाडून सगळ्या बायका पोरांना घेऊन जमलेल्या, हळदीकुंकू चाललेलं, आणि मागच्या गल्लीतून खणखणीत आवाज आला.

“गुरुजी! ओ गुरुजीऽ! चार रोज झालं कुठं दडी मारलीत? तुमचा माल आनलाय!”

हळदीकुंकू जागच्या जागी थांबलं. पुढच्या क्षणी सगळ्या बायका भिंतीला! तोफेच्या गोळ्यांसारखी पोरं भिंतीवर. गुरुजी अंगणात पांढरेफटक उभे.

“काय माल आहे गं?” शोभाताईंनी वरून विचारलं.

कृष्णाबाईने एकवार भिंतीवरच्या रांगेकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. चाळीस वर्षं दारोदार फिरलेली बाई ती! तिने फाटकातून आत येऊन पुडकं सगळ्यांसमोर ओट्यावर उपडं केलं. खळ्ळकन बर्फ सांडला. नुसता बर्फ!

“बघा, नीट बघा! काटा तरी गावतोय का? अवो, ह्या मानसाला बांगडा कंचा नि बोंबील कंचा ते कलत नाय! त्या वालल्या काटकीला थंडी वाजवायला बरफ नेतान! पोरांना फुला दाखवायची हायत म्हनून!”

मग कुमुदच पहिली हसली, आणि हसू भिंतीवरून पलीकडे गेलं. आयांनी मना करायच्या आत पोरं भिंतीवरून अंगणात उतरली होती. कुणी छत्री धरली, कुणी बर्फ गोळा करून झाडाला घालू लागलं, कुणी बोक्याला हाकललं. गुरुजींनी उपरण्याने डोळे पुसले, दोन्ही हात जोडले आणि कृष्णाबाईला म्हणाले, “बाई, तुम्ही माझी शाळा परत दिलीत.”

“बरं बरं,” ती पाटी उचलत म्हणाली. “उद्यापासून गिऱ्हाइका बी परत आना.”

तासाभराने शोभाताई स्वतः प्रसादाची वाटी आणि फुलांनी काठोकाठ भरलेलं ताट घेऊन आल्या. मान खाली. “गुरुजी, चुकलंच माझं. विसरून जा. आणि ही फुलं घ्या. काय सांगू, यंदा शेवंती अशी फुललीय, अशी फुललीय! दर गुरुवारी देवीला परडीभर वाहिली. खत नाही, काही नाही. आपोआप! देवीची कृपा, दुसरं काय!”

गुरुजींनी ताटाकडे बघितलं. पिवळीधमक फुलं. कातरलेल्या पतंगी कागदासारख्या पाकळ्या. मग त्यांची नजर झाडाकडे गेली. बुंध्याशी बर्फ वितळत होता, आणि त्याचं पाणी उतारावरून वाट काढत, भिंतीच्या पायाशी असलेल्या भोकातून, पलीकडे शोभाताईंच्या शेवंतीच्या वाफ्यात जात होतं. मासळीचं पाणी. थेट कार्तिकापासून!

भाविकाही तिकडेच बघत होती.

“गुरुजी,” ती खणखणीत आवाजात म्हणाली, “पण ते पाणी तर आपल्या...”

आयुष्यभर पोरांना ‘खरं असेल ते मोठ्याने बोलावं’ असं शिकवलेल्या तुळशीराम गुरुजींनी वाटीतला सगळ्यात मोठा लाडू उचलला आणि तिच्या तोंडात कोंबला.

“आधी प्रसाद, बाळ,” ते म्हणाले. “देवीची कृपा आहे.”