भोयरभाऊजींचा खारा व्याही

रोज सकाळी दात घासून झाले की आमचे शेजारी भोयरभाऊजी माशांच्या हौदात बोट बुडवतात आणि ते बोट चाटतात. नव्या सुनेचं पहिलं वरण चाखावं तसे डोळे मिटतात, मान हलवतात, आणि आत आवाज देतात, "कुसुम! व्याही आज जरासे खारट हायेत वं! आन पाणी!"

व्याही म्हणजे तो काचेचा हौद. बरोबर वाचलंत तुम्ही. कुसुमताई मुकाट्यानं फिल्टरचं गोडं पाणी आणतात, भाऊजी ते वाटी-वाटीनं ओततात आणि शेवटी हौदाला हात जोडून काहीतरी पुटपुटतात. आमची खिडकी त्यांच्या खिडकीसमोर, त्यामुळे हा सोहळा मला चहाबरोबर रोज दिसतो. पुटपुटणं मात्र ऐकू येत नाही. मी आपली समजायची, रिटायर झाल्यावर माणसाचा एखादा नट ढिला होतोच.

भाऊजी मूळचे नागपूरजवळच्या कुहीकडचे. लहानपण धानाच्या पाणी भरलेल्या बांधीत, नोकरी कालव्यांवर. सारा जन्म गोड्या पाण्यात गेला. काशी झाली, अमरकंटक झालं, पण समुद्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला नाही. आणि एकुलती एक मुलगी मिनू निघाली थेट जहाजावर, इंजिन सांभाळायला! कुसुमताई तिचं नाव निघालं की भरभरून बोलतात. भाऊजी अवाक्षर काढत नाहीत. तुम्ही मिनूचं विचारा, ते पंपाचं सांगतील.

मिनू पहिल्यांदा जहाजावर गेली आणि पंधरवड्यात भाऊजी आमच्या दारात उभे. डोळे चमकत होते.

"वहिनी, मी हौद खारा करून राहिलो!"

"काहून? चांगले सोनेरी मासे आहेत की!"

"गोड्या पाण्यात आता काही राह्यलं नाही. आता समुद्र! नारंगी माशाची जोडी आनतो, पांढऱ्या पट्ट्याची. मिनू सुट्टीवर येईन तवा तिले घरात समुद्र दिसला पाह्यजे. जित्ता!"

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. मिनू येईपर्यंत जोडी जगवायची, बस.

सुरुवात त्यांनी मिठानं केली. आंब्याच्या लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ घेतलं आणि म्हणाले, रोज चिमूट-चिमूट टाकतो, मासे हळूहळू सवय करून घेतील. नशीब, टाकायच्या आधी सदर बाजारातल्या शोभेच्या मासेवाल्याकडे गेले. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "काकाजी, हे गोड्या पाण्याचे जीव आहेत, मरतील! आणि समुद्राचं मीठ वेगळं येतं." झालं. सोनेरी मासे बादलीत घालून माझ्या घरी. मी पाळणार आहे का, हे विचारायची पद्धत भाऊजींकडे नाही. "तुमच्याकडे राहू द्या" म्हणाले आणि बादली ठेवून गेलेसुद्धा.

मग फिल्टरचं पुराण सुरू झालं. बाप्पा, काय सांगू! हौदाच्या मागे टांगायचा का खाली ठेवायचा, डब्याचा का टाकीचा, यावर त्यांनी अख्ख्या गल्लीचं मत घेतलं. दूधवाल्याला थांबवून विचारलं. माझ्या नवऱ्याला दाढीच्या अर्ध्या फेसात बाहेर बोलावलं. सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी स्वतःचंच केलं.

काय केलं? कूलर खोलला! आपल्या नागपूरच्या माणसाला देवानं दोन हात आणि एक कूलर दिलेला असतो. काहीही अडलं की तो कूलरकडे बघतो. भाऊजींनी कूलरचा पंप काढला, बाजूच्या ताट्यांमधलं लाकडी गवत उपसलं, एका टबात ठासून भरलं आणि खारं पाणी त्यातून फिरवलं.

"कूलरमंदी पाणी साफ राह्यते का नाही? मग! घरचा फिल्टर!"

दुसऱ्या दिवशी हौदात चहा तयार होता. कडक. वरून पंपाचा गंज उतरला तो वेगळाच. अजून मासे आणले नव्हते म्हणून वाचले बिचारे. मी खिडकीतून म्हटलं, "भाऊजी, आता दूध टाका आणि उकळा!" कुसुमताई तोंडाला पदर लावून हसल्या. भाऊजी हसले नाहीत. सगळं पाणी उपसलं, हौद घासला आणि पुन्हा सदरला गेले.

या खेपेला आणला तो फेस काढणारा यंत्रोबा. त्यात हवा सोडली की पाण्यातली घाण फेसाला धरून वर येते आणि कपात पडते. भाऊजींचा आनंद गगनात मावेना. "गुळाच्या कढईवरची मळी काढतेत ना, तस्संच हाय हे! अन् मी भैताड गवत भरत बसलो!" तो काळपट कप ते गल्लीभर दाखवून आले. मी तेव्हा जेवत होते, तरी दाखवला.

त्यानंतर महिनाभर हौदात नुसते दगड. समुद्रातले दगड, त्यात म्हणे बारीक जीव राहतात आणि तेच खरा फिल्टर. तर्रीपोहे खायला बोलावून दगड दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. पण पोहे झकास होते, खोटं का बोला.

आणि एकदाची जोडी आली! काय देखणी! दगडाच्या कपारीतून दोघं डोकावायचे, की आमची सगळी गल्ली "अहाहा" करायची. भाऊजी वऱ्हाड उतरवल्यासारखे नुसते धावत होते.

पण मे महिना काही कोणाच्या बापाचा नसतो. पाणी तापलं तर मासे टिकणार नाहीत, म्हणून घरातला एकुलता कूलर दुरुस्त होऊन हौदाकडे तोंड करून लागला. नवरा-बायको हातपंखा घेऊन बसायचे. तशात मिनूचं जहाज लांब कुठेतरी गेलेलं, फोन लागेना. आणि एका दुपारी लाइन गेली.

तासभर झाला, येईना. इन्व्हर्टरही बसला. माझं डोकं मुळातच तापट, त्यात ते ऊन. समोरून कुसुमताईंची हाक आली, "वहिनी, बर्फ हाये का वं?" फ्रीजमधल्या गोठलेल्या बाटल्या घेऊन धावले. बघते तर भाऊजी स्टुलावर उभे. पाणी प्यायच्या गडव्यानं हौदातलं पाणी उपसायचे आणि उंचावरून पुन्हा हौदात ओतायचे, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. बनियन घामानं चिंब. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी बाटल्या पाण्यात सोडल्या आणि माझा पारा चढला.

"भाऊजी, उष्माघात होऊन मराल! मासेच आहेत ना? दुसरे आणता येतील!"

"नाही येत, वहिनी." गडवा थांबला नाही. "तुमच्या पोट्टीचं लगन जमवलं, तवा काय केलं तुमी?"

"काय करणार? घर पाहून आलो. माणसं पाहिली, शेजार पाहिला."

"मग? माही पोट्टी समुद्राच्या घरी गेली. ते घर कोन पाहून आलं? मले बांधीतलं पाणी समजते, कालव्यातलं समजते. या खाऱ्या घरचं मले काहीच समजत नाही. पोट्टी म्हनते, बाबा, काळजी नका करू. काहून नाही करू?" त्यांनी गडवा पुन्हा भरून ओतला. "पोट्टी दिली म्हनल्यावर तो व्याहीच ना? म्हनून जरासा घरी आनला. रोजचं उठणं-बसणं राह्यलं, का मानूस कसा हाय ते समजते. या जोडीले यानं सांभाळलं, तं माह्या मिनूलेही सांभाळन, असं वाटते मले."

कुसुमताई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मला तर भांडायचं होतं! ते राहिलं बाजूला. मी भाऊजींना खाली ओढलं, गडवा हिसकावला आणि स्टुलावर चढले. "बसा तिथे. पाणी प्या. मी ओतते."

ओतता ओतता खांदे भरून आले, आणि एकदम कूलर घरघरला. पंप सुरू झाला, यंत्रोबा फेसाळला. आम्ही तिघं श्वास रोखून बघत राहिलो. बऱ्याच वेळानं कपारीतून आधी एक नारंगी तोंड डोकावलं, त्याच्यामागून दुसरं.

"हायेत! दोघंबी हायेत!" भाऊजी लहान पोरासारखे नाचले. मग त्यांनी हात धुतले, बोट बुडवून चाटलं आणि नेहमीसारखे हात जोडले. आज मी शेजारीच होते, म्हणून ते पुटपुटणं पहिल्यांदा कानावर आलं.

"सांभाळून घ्या बरं, व्याही. एकुलती एक हाय."

माझ्या हातात अजून गडवा होता. गडव्यासकट मीही हात जोडले.