जावयाचं भरवशाचं घड्याळ

प्रज्ञेशचं सॉफ्टवेअर चुकूच शकत नव्हतं! तसं त्यानं गणितानं सिद्ध केलं होतं. बेडशाजवळच्या सासुरवाडीत यात्रेच्या बैलगाडा शर्यतीसाठी त्यानं घड्याळ बनवलं, आणि सासरे महिपतीआबांनी पंचांना छातीठोकपणे सांगितलं, "माझा जावई लय हुशार हाय. चूक निगाली तर मला बोला."

भरवसा मोजायची त्याची रीत बेझ नावाच्या गणितज्ञाची. आधी मनाशी विश्वास धरायचा, मग चाचणीगणिक तो वाढवायचा नाहीतर घटवायचा. कोड स्वतःचाच असल्यामुळे प्रज्ञेशनं आधीच इतका विश्वास धरला, की पुराव्याला टेकायलाही जागा उरली नाही. तरी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, त्यानं दिवसभर स्कूटर पळवली. शेवटच्या रेषेवर आडवा सोडलेला प्रकाशकिरण तुटला की घड्याळ थांबे. दर वेळी बरोबर!

"नव्व्याण्णव टक्के!" तो बायकोला म्हणाला.

"आणि उरलेला एक?" कोमलनं विचारलं.

"नम्रतेसाठी ठेवलाय."

यात्रेत घाटाचे विक्रम धडाधड मोडू लागले. गुलालानं आकाश लाल! शेवटची बारी आबांची. झेंडा पडला, बैल उधळले आणि अर्ध्या घाटातून वळून थेट गुलजारभाईंच्या वावरात घुसले. बैलांना चेव यावा म्हणून प्रत्येक बारीत पुढं पळणारी घोडी मात्र इमानानं रेषा ओलांडून गेली. घड्याळ थांबलं. आकड्यांवर डोळे लावून बसलेला निवेदक सोपान स्पीकरवर बेंबीच्या देठापासून ओरडला, "महिपतीआबा पहिले! घाटाचा राजा!"

तेवढ्यात गुलजारभाई धापा टाकत आले. "आबा, तुमचा पहिला नंबर माजी कोथिंबीर खातोय!"

"सासऱ्यासाठी घड्याळ फिरवलंय!" गर्दीतून आरोळी उठली.

"तसं नाही," प्रज्ञेश चाचरला. "एका चुकीनं भरवसा फारसा घटत नाही. फार तर अठ्ठ्याण्णव..."

"जावईबापू," आबांनी हळूच विचारलं, "घोडी पळवून बगितलीवती का?"

"नाही. स्कूटर."

"का? घोडी तर आपल्याच दारात बांदलेली असती."

"ती... चावते."

घाट हसला. दगड आले असते तर परवडलं असतं!

आबांनी सोपानच्या हातून माइक घेतला. "मंडळी, माजी बारी बाद. पण जावयानं लबाडी केलेली न्हाई. लबाडीला अक्कल लागती, आन् ती त्येच्याकडं न्हाई. सासरा म्हणून सांगतो."

गावाला लगेच पटलं. पुरावासुद्धा कुणी मागितला नाही. प्रज्ञेशनंही मान खाली घालून दुजोरा दिला.